विश्वास कोणाचा आणि कोणावर?

६ जून २०२२ च्या रात्री लंडनमध्ये, पार्लमेंटच्या इमारतीत, सर ग्रॅहॅम ब्रॅडी यांनी दोन आकडे वाचून दाखविले. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर विश्वास व्यक्त करणारी मते २११ आणि अविश्वास व्यक्त करणारी १४८. हुजूर पक्षाच्या ३५९ खासदारांनी दोन तासांत मतदान उरकले आणि जॉन्सन यांचे नेतेपद वाचले. हा निकाल निर्णायक आहे, आता हा विषय संपला, असे त्यांनी स्वतः जाहीर करून टाकले. विषय मात्र संपला नव्हता. त्याच रात्री ब्रिटनमधील सामान्य माणसाच्या तोंडी एकच प्रश्न होता: या मतदानात आम्ही कुठे होतो?

हा प्रश्न केवळ ब्रिटनचा म्हणून सोडून देता येणार नाही. पक्ष हे लोकशाहीचे वाहन आहे असे आपण मानतो. मग त्या वाहनाचा सारथी कोणी नेमायचा, कोणी उतरवायचा आणि उतरविताना प्रवाशांना विचारायचे की नाही, हा प्रश्न राजकारणात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा आहे. म्हणून त्या एका मतदानाची कथा जरा बारकाईने पाहावयास हवी.

रोषाचे मूळ

लोकांचा राग कशाबद्दल होता? तो धोरणाविषयीच्या एखाद्या बारीक मतभेदाचा राग नव्हता. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीमुळे ब्रिटिश सरकारने जनतेवर कडक निर्बंध घातले होते. मरणाऱ्या आईबापांचा हात हातात घेण्याची मुभा मुलांना नव्हती. अंत्यविधीला माणसे मोजून बोलवावी लागत. १७ एप्रिल २०२१ रोजी प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीत खुद्द राणी एका बाकावर एकटी बसलेली साऱ्या जगाने पाहिली. आणि आदल्याच रात्री पंतप्रधानांच्या कचेरीत दोन निरोपसमारंभ रंगले होते! नियम करणाऱ्यांच्या घरात नियमांची अशी अवस्था होती. चौकशीअंती लंडनच्या पोलिसांनी ८३ व्यक्तींना मिळून १२६ दंड ठोठावले. स्वतः जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये दंड झाला. पदावर असताना कायदा मोडल्याबद्दल दंड झालेले ते पहिलेच ब्रिटिश पंतप्रधान ठरले.

दंडाची रक्कम ५० पौंड होती. रकमेचा प्रश्नच नव्हता. पार्लमेंटसमोर, टेम्स नदीच्या पलीकडच्या काठावर, कोविडमध्ये आप्त गमावलेल्या लोकांनी एका लांबलचक भिंतीवर दीड लाखांहून अधिक लाल हृदये रंगविली आहेत. एक हृदय म्हणजे एक मृत्यू. त्या भिंतीसमोरच्या इमारतीत बसून ज्यांनी २११ मते टाकली, त्यांना ती भिंत दिसत नव्हती असे नाही.

याच काळात महागाईने सामान्य माणसाचे कंबरडे मोडले होते. एप्रिल २०२२ मध्ये महागाईचा दर ९ टक्क्यांवर गेला होता. त्याच महिन्यात घरगुती वीज आणि गॅसच्या दराची मर्यादा एकदम ५४ टक्क्यांनी वाढली. गरीब कुटुंबांना साथीच्या काळात मिळणारी आठवड्याची २० पौंडांची वाढीव मदत सरकारने २०२१ च्या ऑक्टोबरमध्येच काढून घेतली होती. जून महिन्यात चाळीस हजारांच्या आसपास रेल्वे कामगार संपावर गेले. अशा घडीला राज्यकर्त्या पक्षाचे खासदार बंद दालनात रांगा लावून उभे होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न होता, नेता राहावा की जावा. भाकरी महाग का झाली, हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर छापलेलाच नव्हता. मतपत्रिकेवर व्यक्ती होती, धोरण नव्हते. लोकांच्या वैतागाचे एक मोठे कारण हेही होते.

यंत्रणा कशी चालते

हुजूर पक्षाची ही यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. १९६५ पर्यंत त्या पक्षात नेत्याची निवडणूकच होत नसे. वडीलधारी मंडळी आपापसांत कुजबुजत आणि नेता 'उगवत' असे. १९६५ मध्ये खासदारांनी प्रथम मते टाकून एडवर्ड हीथ यांना निवडले. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच मतपेटीने हीथ यांना घालवून मार्गारेट थॅचर यांना आणले. पुढे १९९८ मध्ये आजची पद्धत आली. पंधरा टक्के खासदारांनी नेत्याविरुद्ध पत्रे दिली की विश्वासमत घ्यावे लागे. मागच्या बाकावरील खासदारांच्या '१९२२ समिती'चा अध्यक्ष ही पत्रे स्वतःजवळ ठेवतो. किती आली, कोणाची आली हे कोणालाही सांगत नाही. जॉन्सन यांच्या वेळी ५४ पत्रे पुरेशी होती. मतदान गुप्त असते. नेता जिंकला तर नियमानुसार वर्षभर त्याला पुन्हा आव्हान देता येत नाही.

कागदावर ही पद्धत चोख दिसते. व्यवहारात तिच्यात दोन भेगा आहेत. पहिली भेग अशी की मत देणाऱ्यांपैकी दीडशेहून अधिक खासदार मंत्री, उपमंत्री, प्रतोद किंवा मंत्र्यांचे संसदीय सचिव होते. त्यांचे पद नेत्याच्या मर्जीवर अवलंबून. ज्याच्या ताटात जेवायचे त्याच्याच स्वयंपाकावर मत द्यायचे, असा हा प्रकार. मतदान गुप्त असल्यामुळे कोणी काय केले हे सांगता येत नाही. परंतु पदावरील बहुसंख्य मंडळी नेत्याच्या बाजूने राहिली असे धरले, तर पद नसलेल्या खासदारांपैकी मोठ्या बहुसंख्येने जॉन्सन यांना नाकारले होते असाच हिशेब निघतो.

दुसरी भेग याहून खोल आहे. कायद्याच्या प्रत्येक मसुद्यावर खासदाराचे मत उघड नोंदले जाते. मतदारसंघातील कोणताही नागरिक ते पाहू शकतो, सभेत जाब विचारू शकतो. नेत्यावरील विश्वासाचे मत मात्र झाकलेले. २११ पैकी आपला खासदार होता की १४८ पैकी, हे त्याने स्वतः सांगितले तरच कळणार. काहींनी सांगितले, काहींनी मोघम भाषा केली. लोकांनी राग धरायचा तर कोणावर धरायचा? चेहरा नसलेल्या बहुमतावर रागावता येत नाही, आणि म्हणूनच तो राग साऱ्या राजकारणावरच उतरतो. 'सगळे सारखेच' हे वाक्य अशा रात्री जन्माला येते. लोकशाहीचे सर्वांत मोठे नुकसान हे वाक्य करीत असते.

जिंकलेल्या मताचा पराभव

पुढे काय झाले ते साऱ्यांना ठाऊक आहे. २३ जूनला दोन पोटनिवडणुका झाल्या. वेकफील्डची जागा मजूर पक्षाने परत मिळविली. टिव्हर्टन आणि हॉनिटन या मतदारसंघात हुजूर पक्षाचे २४,२३९ मतांचे मताधिक्य लिबरल डेमोक्रॅट पक्षाने एका दिवसात धुऊन काढले. ज्यांना ६ जूनच्या मतपेटीजवळ फिरकू दिले नव्हते त्यांनी आपली मतपेटी गाठली होती. त्यानंतर उपमुख्य प्रतोद ख्रिस पिंचर यांच्या गैरवर्तनाचे प्रकरण निघाले. त्यांच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारीची पंतप्रधानांना कल्पना होती हे उघड झाले. ५ जुलैला दोन ज्येष्ठ मंत्र्यांनी राजीनामे दिले, पाठोपाठ राजीनाम्यांची रांग लागली, आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी पद सोडण्याची घोषणा केली. वर्षभराचे अभय देणारे विश्वासमत जेमतेम एक महिना टिकले.

थेरेसा मे यांचीही कथा हीच. १२ डिसेंबर २०१८ रोजी त्यांनी २०० विरुद्ध ११७ मतांनी विश्वास मिळविला आणि २४ मे २०१९ रोजी पाणावलेल्या डोळ्यांनी राजीनाम्याची तारीख जाहीर केली. थॅचरबाईंना तर १९९० मध्ये २०४ मते पडली, त्यांचे प्रतिस्पर्धी हेझेल्टाइन यांना १५२. स्पष्ट बहुमत असूनही नियमातील फरकाच्या अटीला चार मते कमी पडली आणि दोन दिवसांत त्यांनी माघार घेतली. त्या मतपेटीमागे काय होते? त्याच वर्षी श्रीमंत जमीनदाराला आणि गरीब भाडेकरूला सारखाच भार लावणारा माणशी कर इंग्लंडमध्ये लागू झाला होता. त्याविरुद्ध लक्षावधी लोकांनी कर भरण्यास नकार दिला, रस्त्यावर उतरले. त्यांच्यापैकी एकालाही नेतेपदाच्या मतदानात मत नव्हते. तरीही थॅचर यांना खऱ्या अर्थाने त्यांनीच घालविले, कारण आपली जागा जाणार ही भीती त्यांनी खासदारांच्या मनात घातली होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पक्षातील विश्वासमत हे लोकांच्या विश्वासाचे मोजमाप नव्हे. खासदाराला आपली पुढची निवडणूक कोणत्या चेहऱ्यावर जिंकता येईल असे वाटते, एवढेच ते मोजते. लोकमत त्यात उतरते खरे, पण भीतीच्या वाटेने उतरते आणि बहुधा उशिरा उतरते. ६ जून ते ७ जुलै या एका महिन्यातला उशीर इतिहासाच्या दृष्टीने क्षुल्लक असेल; परंतु ज्यांनी आपल्या माणसाला निरोप दिला नव्हता त्यांच्या दृष्टीने तो अपमानावर अपमान होता.

मग सभासदांना विचारावे काय?

लोकशाही समाजवादी विचाराचा कार्यकर्ता येथे सहज म्हणेल, खासदारांच्या टोळक्याकडून हा अधिकार काढून घ्या आणि पक्षाच्या सभासदांना द्या. उत्तर आकर्षक आहे. पण अनुभवाच्या दगडावर ते घासून पाहिले पाहिजे, आणि तो अनुभवही ब्रिटननेच पुरविला आहे.

जॉन्सन गेल्यावर नवा नेता निवडण्याचा अंतिम अधिकार हुजूर पक्षाच्या सभासदांचा होता. खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनाक यांना १३७ आणि लिझ ट्रस यांना ११३ मते होती. सभासदांनी हा क्रम उलटविला: ट्रस यांना ८१,३२६ मते, सुनाक यांना ६०,३९९. साडेचार कोटींहून अधिक मतदारांच्या देशाचा पंतप्रधान ऐंशी हजार मतांवर ठरला. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्रस यांच्या सरकारने श्रीमंतांना सवलती देणारी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कोठून आणणार याचा पत्ता नव्हता. कर्जरोख्यांचा बाजार कोसळला, घरकर्जांचे व्याज भडकले आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी सुनाक आले ते कोणत्याही मतदानाविना. दुसरा उमेदवारच उरला नाही. दोन महिन्यांत तीन पंतप्रधान, आणि तिघांपैकी शेवटच्या दोघांच्या निवडीत मतदाराला विचारले गेले नाही. जनतेने आपला निकाल ४ जुलै २०२४ रोजी दिला: २०१९ मध्ये ३६५ जागा मिळविणारा हुजूर पक्ष १२१ जागांवर आला.

तेव्हा सभासदांचे मत म्हणजे आपोआप जनतेचे मत नव्हे. सभासद कोण आहेत, कोणत्या वर्गातून आले आहेत, त्यांच्यापुढे प्रश्न कोणत्या भाषेत मांडला गेला, यावर सारे अवलंबून असते. मूठभर वयस्क, सुखवस्तू सभासदांचा पक्ष आणि कामगारवस्तीत मुळे असलेला पक्ष यांच्या सभासदांच्या मताचे मोल एकच असू शकत नाही.

मजूर पक्षाचा धडा

आपल्याला अधिक जवळचा आणि म्हणूनच अधिक अवघड धडा आहे तो मजूर पक्षाचा. २८ जून २०१६ रोजी त्या पक्षाच्या खासदारांनी जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास व्यक्त केला. युरोपीय संघाविषयीच्या सार्वमताला पाच दिवस झाले होते, सावली मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांचे राजीनामे पडत होते. पक्षाच्या घटनेत अशा मताला बंधनकारक अर्थ नव्हता. नऊ महिन्यांपूर्वीच सभासदांनी आणि समर्थकांनी ५९.५ टक्के मतांनी निवडून दिलेल्या कॉर्बिन यांनी, माझा जनादेश त्यांचा आहे, असे सांगून पद सोडण्यास नकार दिला. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या समर्थनार्थ हजारो माणसे पार्लमेंटच्या चौकात जमली होती. येथेही जनतेचा वैताग होता, परंतु दिशा उलटी होती. जॉन्सन यांच्या बाबतीत लोक विचारीत होते, याला का ठेवता? येथे कार्यकर्ते विचारीत होते, याला काढणारे तुम्ही कोण?

पुढचे तीन महिने कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. नेत्याचे नाव मतपत्रिकेवर आपोआप असावे की त्यानेही खासदारांच्या सह्या गोळा कराव्यात, यावर पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत मतदान झाले आणि १८ विरुद्ध १४ असा निर्णय कॉर्बिन यांच्या बाजूने लागला. पण त्याच बैठकीने १२ जानेवारी २०१६ नंतर सभासद झालेल्यांचा मताधिकार काढून घेतला. वर्गणी भरून आलेल्या लाखाहून अधिक माणसांना सांगितले गेले की मत हवे असेल तर समर्थक म्हणून आणखी २५ पौंड भरा, तेही दोन दिवसांत. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक लोक ते पैसे भरण्यास पुढे आले. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने सभासदांचे म्हणणे मानले, चार दिवसांनी वरच्या न्यायालयाने ते फिरविले. निवडणूक होईपर्यंत स्थानिक शाखांच्या नेहमीच्या सभाही बंद ठेवण्यात आल्या. कामगारांचा म्हणविणारा पक्ष आपल्याच शाखांच्या दारांना कुलूप लावतो, याहून मोठा अविश्वास कोणता?

२४ सप्टेंबरला निकाल लागला. कॉर्बिन यांना ३,१३,२०९ मते म्हणजे ६१.८ टक्के; ओवेन स्मिथ यांना १,९३,२२९. खासदारांनी ज्याला चौपटीहून अधिक मतांनी नाकारले त्याला सभासदांनी पहिल्याहून मोठ्या बहुमताने परत बसविले. २०१७ च्या निवडणुकीत रेल्वेचे राष्ट्रीयीकरण आणि विद्यापीठशुल्क रद्द करण्याचा कार्यक्रम घेऊन याच पक्षाने ४० टक्के मते आणि २६२ जागा मिळविल्या, थेरेसा मे यांचे बहुमत हिरावले. कार्यकर्त्यांचा अंदाज खासदारांपेक्षा खरा ठरला, असे तेव्हा म्हटले गेले आणि ते बरोबरही होते. परंतु २०१९ मध्ये तोच नेता, तोच पक्ष २०२ जागांवर आला. १९३५ नंतरचा हा नीचांक. उत्तर इंग्लंडमधील ज्या कामगारवस्त्या पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाच्या होत्या त्यांनी जॉन्सन यांना मते दिली.

या पराभवाला एकच कारण नव्हते, हे मान्य. युरोपचा प्रश्न, वृत्तपत्रांचा विखार, पक्षांतर्गत सुंदोपसुंदी, आणि ज्यू-द्वेषाच्या तक्रारी हाताळण्यातील पक्षाचे अक्षम्य अपयश, सारीच कारणे होती. पण कार्यकर्त्याने स्वतःला फसवू नये. सभासदांचा विश्वास आणि मतदारांचा विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या सभेतील टाळ्यांच्या आवाजात दुसरीचे मौन ऐकू येत नाही. ज्या खासदारांनी शाखेला न विचारता १७२ मते टाकली ते चुकले. आणि शाखेबाहेरच्या वस्तीत काय चालले आहे हे विचारल्यावाचून ज्यांनी विजयोत्सव केला तेही चुकले.

आपल्याकडील रिकामी जागा

हे वाचून कोणी म्हणेल, ब्रिटनची फटफजिती झाली, आपले बरे. आपल्याकडे असे दृश्य दिसत नाही हे खरे; पण का दिसत नाही? १९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेस संसदीय पक्षाने नेतेपदासाठी प्रत्यक्ष मतदान केले होते. इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मते पडली. हरलेल्याला किती मते पडली हे देशाला कळले, आणि त्यामुळे पक्षात दुसरे मत आहे हेही कळले. त्यानंतर आपल्या राजकारणात एकमताची साथ पसरली. ठराव एका ओळीचा, निर्णय श्रेष्ठींवर सोपविलेला, टाळ्या सर्वांच्या.

या बाबतीत आपल्याच घराण्याचा अनुभव बाजूला ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाच्या खासदारांनी आपला नेता मते टाकून निवडला नाही. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी या दोन वंदनीय माणसांनी सर्वांची मते अजमावून मोरारजीभाईंचे नाव सांगितले. त्या क्षणी ते शहाणपणाचे वाटले. परंतु ज्या पक्षात नेत्यावरील विश्वास मोजण्याची रीतच पडली नाही, त्या पक्षातील मतभेदांना घराबाहेरचा रस्ता धरावा लागला. दुहेरी सदस्यत्वाचा वाद, नेत्यांच्या आकांक्षा, सारे साचत गेले. आणि जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत अविश्वासाचा ठराव आणला तेव्हा पक्ष आतूनच दुभंगला. १५ जुलैला मोरारजीभाईंनी राजीनामा दिला. वडीलधाऱ्यांचा कौल मतपेटीची जागा भरून काढू शकत नाही, हा त्या शोकांतिकेचा एक अर्थ आहे.

१९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्याने घाऊक बाजाराला आळा बसावा अशी अपेक्षा होती. पण सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिले की सदस्यत्व धोक्यात आणि पक्षात मत देण्याची सोयच नाही, अशा कोंडीत आमदार-खासदार सापडला. ही कोंडी कशी फुटते हे जून २०२२ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. लंडनमध्ये जॉन्सन यांचा फैसला चालू होता त्याच महिन्यात शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन बसले. नेत्यावर त्यांचा विश्वास नव्हता, असे मानू; पण तो व्यक्त करण्यासाठी परराज्यातील हॉटेल गाठावे लागावे, ही कोणत्या लोकशाहीची रीत? राज्यपालांनी सभागृहात विश्वासमत घेण्यास सांगितले आणि उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला त्याआधीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांची ती कृती समर्थनीय नसल्याचे म्हटले आणि पक्षांतर्गत वाद मिटविण्यासाठी सभागृहातील विश्वासमताचा वापर करता येणार नाही, असे स्पष्ट केले. न्यायालयाने दाखविलेली ही रेघ फार मोलाची आहे. मात्र पक्षाचा वाद सभागृहात मिटवायचा नाही, तर तो मिटविण्याची जागा पक्षात असली पाहिजे. ती जागा आज रिकामी आहे. लंडनमधील मतदार निदान २११ आणि १४८ या आकड्यांवर चिडू शकला. आपल्या मतदाराच्या वाट्याला चिडण्यापुरता आकडासुद्धा येत नाही.

कार्यकर्त्याने काय मागावे?

तर मग निष्कर्ष कोणता? विश्वासमताची पद्धत निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. नेत्याला घालविण्याची शांत, नियमबद्ध वाट ज्या पक्षात नाही तो पक्ष म्हणजे एखाद्या कुटुंबाची मिळकत ठरतो. ती वाट असलीच पाहिजे. पण ती कशी असावी याविषयी ब्रिटनच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगता येतील.

पहिली, प्रतिनिधीने मत देण्यापूर्वी आपल्या मतदारसंघातील कार्यकर्त्यांची सभा बोलवावी, त्यांचे ऐकावे. शेवटी मत त्याने स्वतःच्या विवेकाने द्यावे. पण ऐकल्यावाचून दिलेले मत विवेकाचे असू शकत नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. येथे दोन्ही बाजूंना सत्य आहे. मत उघड केले तर नेत्याचा सूड, झाकले तर जनतेची फसवणूक. शाखेतील साध्या सभासदाचे मत गुप्तच राहिले पाहिजे. त्याच्यापाशी संरक्षणाचे दुसरे साधन नाही. परंतु जो लोकांच्या मतांवर निवडून आला आहे त्याने आपले मत आणि त्याची कारणे मतदानानंतर आपल्या लोकांसमोर मांडावीत, असा दंडक हवा. नेत्याच्या सुडाला भिणारा प्रतिनिधी भांडवलदाराच्या आणि गुंडाच्या सुडाला तोंड कसे देणार?

तिसरी, मत व्यक्तीवर घेताना धोरणावरही घ्यावे. हा नेता नको तर का नको, आणि त्याच्यामागून येणारा काय निराळे करील, हे ठरावात लिहिलेले असावे. जॉन्सन गेले आणि ट्रस आल्या, म्हणजे खोटेपणा गेला आणि श्रीमंतांची उघड भलामण आली. वीजबिल भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने या बदलाला काय अर्थ होता?

चौथी गोष्ट मतदाराची. पक्षाच्या मतदानात मतदाराला घुसविता येणार नाही. पण प्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार त्याला देता येतो. १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाशजींनी ही मागणी लोकांपुढे ठेवली तेव्हा तिला अव्यवहार्य म्हणून हिणविण्यात आले. ब्रिटनने २०१५ मध्ये मर्यादित स्वरूपात का होईना, तसा कायदा केला: ठराविक गैरवर्तन सिद्ध झालेल्या खासदाराविरुद्ध मतदारसंघातील दहा टक्के मतदारांनी सहा आठवड्यांत सह्या केल्या की जागा रिकामी होते. पार्लमेंटची दिशाभूल केल्याबद्दल जॉन्सन यांच्यावर ही पाळी येण्याचा संभव दिसताच त्यांनी ९ जून २०२३ रोजी खासदारकीच सोडली. दहाच दिवसांनी पार्लमेंटने त्यांच्याविरुद्धचा अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला. २११ खासदारांच्या विश्वासाने ज्याला वाचविले, त्याला मतदारांच्या सह्यांच्या नुसत्या चाहुलीने पळविले!

अर्थात नियम कितीही चांगले असले तरी ते शेवटी माणसांवरच उभे राहतात. शाखेची सभा वेळेवर भरते काय, तिच्यात नेत्याविरुद्ध बोलणाऱ्याला शेवटपर्यंत बोलू देतात काय, वर्गणी भरणारा हातगाडीवाला आणि वर्गणी गोळा करणारा पदाधिकारी यांच्या मताला एकच किंमत आहे काय, हे प्रश्न लंडनला विचारण्याचे नाहीत. येत्या महिन्याच्या सभेत आपणच एकमेकांना विचारावयाचे आहेत. आणि त्या सभेहून परतताना वाटेतल्या चहाच्या दुकानात, ज्याने कधी आपली वर्गणी भरली नाही अशा माणसाशेजारी पाच मिनिटे बसून, आमच्याविषयी तुझे काय मत आहे, हेही विचारावयाचे आहे. त्याचे उत्तर कडू असेल. पण विश्वासमत त्यालाच म्हणतात.